गुडघ्याच्या उंचीवरून गाडी

गाडीचे फोटो चांगले कसे काढावेत याबद्दलचे सल्ले तुमच्या वाचनात कधीतरी आले असतीलच. नसतील आले तर थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे जवळजवळ सारखेच असतात. गाडी आधी धुऊन घ्या. भर दुपारी काढू नका, सूर्य मावळायच्या सुमारास काढा. समोरच्या कोपऱ्यातून काढा, म्हणजे गाडीचं नाक आणि एक अख्खी बाजू दोन्ही दिसतात. खाली बसा, कॅमेरा गुडघ्याच्या किंवा हेडलाइटच्या उंचीवर आणा. पुढची चाकं किंचित वळवून ठेवा, म्हणजे टायरची नक्षी न दिसता रिम दिसेल. मागे खांब, कचऱ्याचे डबे, दुसऱ्या गाड्या नकोत. नंबरप्लेट झाका. आणि एक नियम सहसा लिहिलेला नसतो, पण नमुन्याच्या प्रत्येक फोटोत पाळलेला असतो: माणसं नकोत.

मला या सल्ल्यांचं परीक्षण करायचं आहे, एखाद्या पुस्तकाचं करावं तसं. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पण आपल्यापैकी पुष्कळांनी अमेरिकेत आल्यावर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत स्वतःच्या गाडीचा फोटो काढून घरी पाठवलेला असतो. अनेकांच्या घरातली ती पहिली चारचाकी असते. त्याच्या आधी काही महिने आपण आणखी एक काम केलेलं असतं, दुसऱ्यांनी काढलेले गाड्यांचे फोटो रात्र-रात्र बघण्याचं, कारण विद्यार्थ्याच्या किंवा पोस्टडॉकच्या पगारात जुनीच गाडी परवडते आणि ती आधी फोटोतच भेटते. म्हणजे या सल्ल्यांचे आपण दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक आहोत. त्यांनी काय दाखवायला शिकवलं आणि काय झाकायला शिकवलं, याचा हिशेब आपल्या खिशाशी आणि घराशी दोन्हीकडे जोडलेला आहे.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. सल्ल्यांमधला प्रकाशाचा भाग पक्का आहे, फक्त त्याचं कारण कोणी सांगत नाही. कारण असं की गाडी ही रंगवलेली वस्तू असण्यापेक्षा वाकडातिकडा आरसा जास्त आहे. रंगाच्या वर पारदर्शक लेप असतो आणि त्यात आजूबाजूचं सगळं उमटतं. बॉनेट आणि टप आकाश दाखवतात, दारांचा वरचा भाग क्षितिज दाखवतो, खालचा भाग रस्ता दाखवतो. तुम्ही काळ्या गाडीचा फोटो काढता तेव्हा खरं तर समोरच्या इमारतीचा, झाडांचा आणि स्वतःचाही फोटो काढत असता. म्हणून "गाडीच्या मागे काय आहे ते बघा" हा सल्ला अर्धाच आहे. तुमच्या पाठीमागे काय आहे तेही बघा, कारण दारात ते दिसणार आहे. पाठीमागे मोकळं मैदान किंवा रिकामा पार्किंग लॉट असेल तर दारावर एकच सलग रेघ उमटते आणि पत्र्याचा आकार नीट कळतो. पाठीमागे दहा गाड्या उभ्या असतील तर त्या दहाही गाड्या तुमच्या दारात वेड्यावाकड्या होऊन बसतात.

संध्याकाळचंही तेच. सूर्य बुडाल्यावरची पंधरा-वीस मिनिटं चांगली, कारण तेव्हा पश्चिमेचं आकाश एक मोठा, मऊ दिवा होतं आणि गाडीची बाजू त्या दिव्याकडे केली की पत्र्यावर उजेड हळूहळू उतरत जातो. ढगाळ दिवशी सगळं आकाशच असा दिवा असतं. मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते मार्च हा दिवा जवळजवळ रोज लागलेला असतो. त्याबद्दल इतर काही चांगलं बोलता येत नाही, निदान हे तरी बोलावं.

पोलरायझरचा सल्लाही खरा, आणि इथे मला थोडं लांबण लावण्याची परवानगी द्या. मी मटेरियल्स सायन्समध्ये काम करते आणि प्रयोगशाळेतला माझा बराच वेळ ध्रुवित प्रकाशात नमुने बघण्यात जातो. काचेवरून किंवा रंगावरच्या लेपावरून तिरका परावर्तित होणारा प्रकाश बऱ्याच अंशी ध्रुवित असतो. काचेच्या बाबतीत, पृष्ठभागाला लंब धरून मोजलं तर साधारण ५६ अंशांच्या कोनात तो जवळजवळ पूर्ण ध्रुवित होतो. म्हणून लेन्सपुढे पोलरायझर फिरवला की समोरच्या काचेवरचं आकाश पुसलं जातं आणि आतली माणसं दिसू लागतात. वेगळा फिल्टर विकत घ्यायला नको, पोलराइज्ड गॉगल फोनच्या लेन्सपुढे धरून हळूहळू फिरवा, फरक दिसेल. क्रोमवर मात्र याचा उपयोग होत नाही, कारण उघड्या धातूवरून येणाऱ्या प्रकाशाला हा नियम तसा लागू नाही. आणि एक गंमत: मागच्या आणि बाजूच्या काचांवर काही वेळा चित्त्यासारखे ठिपके दिसू लागतात. काच खराब नसते. ती तापवून झपाट्याने थंड केलेली असते, त्यात अडकून राहिलेला ताण तुम्हाला दिसत असतो. सल्ला देणारे या ठिपक्यांना दोष म्हणतात. मला ते गाडीच्या फोटोतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतात, पण माझं मत धंद्याने बिघडलेलं आहे.

फोन जवळ नेऊन काढू नका, हाही सल्ला बरोबर. फोनची नेहमीची लेन्स बरीच रुंद असते. सहा फुटांवरून काढलं तर गाडीचं नाक फुगतं आणि मागचा भाग बारीक होतो. दोष लेन्सचा कमी, अंतराचा जास्त. वीस-पंचवीस फूट मागे जा, मग झूम करा. बस, याहून जास्त त्यात काही नाही.

आता गुडघ्याच्या उंचीकडे येऊ, कारण माझी खरी तक्रार तिथून सुरू होते. खालून बघितल्यावर कुठलीही गाडी रुंद, जड आणि जराशी रागावलेली दिसते. आपण उभे राहून गाडी अशी कधीच बघत नाही. मग ही नजर आली कुठून? माझ्या घरापासून तासाभरावर पाँटिअॅक नावाचं गाव आहे. त्याच नावाच्या गाड्यांच्या जाहिराती १९५९ ते १९७१ या काळात आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन ही जोडी करत असे. फोटोंचा जमाना आलेला असताना हे दोघं हाताने चित्रं रंगवत. फिट्झपॅट्रिक गाडी काढायचा, कॉफमन माणसं आणि मागचा देखावा. गाडी प्रत्यक्षापेक्षा रुंद आणि जमिनीला टेकलेली रंगवलेली असे, कारण कंपनी "वाइड-ट्रॅक" म्हणून रुंदीच विकत होती. कॅमेऱ्याला पत्रा असा ताणता येत नव्हता, ब्रशला येत होता. त्या चित्रांचा मोह मला अजूनही होतो, संध्याकाळचा निळा-जांभळा रंग त्यांच्याइतका क्वचितच कोणाला साधला असेल. पण खाली बसा, कोपऱ्यातून काढा, गाडी रुंद दिसू द्या, या सल्ल्यांमागे ही जुनी जाहिरात उभी आहे. ब्रशने जे केलं ते आता तुम्ही गुडघे टेकून करायचं.

आजची जाहिरात तर त्याच्याही पुढे गेली आहे. पळणाऱ्या गाडीचे ते झोकदार फोटो पुष्कळदा चालण्याच्या वेगाने काढलेले असतात. गाडीला लांब दांडी बांधून तिच्या टोकाला कॅमेरा लावतात, गाडी हळूहळू ढकलतात, शटर बराच वेळ उघडं ठेवतात, आणि नंतर दांडी फोटोतून पुसून टाकतात. २०१६ मध्ये द मिल या स्टुडिओने "ब्लॅकबर्ड" नावाची गाडी दाखवली. तिची लांबी-रुंदी कमी-जास्त करता येते आणि शूटिंग झाल्यावर संगणकावर तिच्या जागी हवी ती गाडी बसवता येते. म्हणजे रस्ता खरा, धूळ खरी, आणि गाडी नाहीच. अशा चित्रांच्या शेजारी आपल्या कोरोलाचा फोटो ठेवून "आपल्याला जमत नाही" असं कोणी म्हणत असेल, तर स्पर्धा कोणाशी चालली आहे ते एकदा बघून घ्यावं.

जाहिरातीने जाहिरातीसारखं वागावं, त्यात तक्रार नाही. तक्रार अशी की हेच नियम जुनी गाडी विकणाऱ्याच्या हाती गेले की त्यांचा अर्थ बदलतो. नवीन आलेल्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. गाडी धुऊन ओलीच ठेवली की बारीक चरे दिसत नाहीत. ढगाळ उजेडात रंगावरचे गोल गोल ओरखडे लपतात, त्यांना उघडं पाडायला थेट ऊन लागतं. समोरच्या कोपऱ्यातून खाली बसून काढलं की मागच्या चाकाची कमान कोनात दबून जाते आणि दारांखालचा पट्टा सावलीत जातो. आणि आमच्याकडे गंज नेमका तिथेच सुरू होतो, कारण हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चाकांमागून उडून त्याच जागी साचतं. म्हणजे प्रत्येक नियम पाळून काढलेला देखणा फोटो खरेदीदाराला हव्या असलेल्या चार-पाच गोष्टी झाकतो. विकणारा लबाड असेल असं नाही. त्याने सल्ला वाचलेला असेल, एवढंच.

त्यावर उपायही आरशातच आहे. दाराच्या पत्र्यात एखादी सरळ रेघ उमटलेली शोधा: पार्किंगचा पिवळा पट्टा, इमारतीची कड, विजेची तार. रेघ पत्र्याच्या वळणाप्रमाणे सावकाश वाकली तर ठीक. मधेच ती थरथरली, तर तिथे पोचा आहे किंवा पोचा भरून वर रंग दिलेला आहे. पोचे काढणारे कारागीर आखलेल्या रेघांचा दिवा पत्र्यावर पाडून हेच बघतात. शेजारशेजारच्या दोन पत्र्यांचा रंग एकाच उजेडात वेगळा दिसत असेल तर त्यातला एक नंतर रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. फोटोत हे दिसलं नाही तर विकणाऱ्याकडे ताठ उभं राहून, थेट बाजूने, कोरड्या गाडीचा, उन्हात काढलेला फोटो मागा, आणि त्याबरोबर १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन. आणि तुम्ही स्वतः मायदेशी परतताना किंवा दुसऱ्या राज्यात जाताना गाडी विकायला काढाल, तेव्हा असेच फोटो काढा. दोन संध्याकाळचे देखणे जरूर ठेवा, पण त्यांच्याबरोबर गंजाचा एक जवळून, टायरच्या खाचांचा एक, आणि इंजिन चालू असताना डॅशबोर्डचा एक, म्हणजे किती मैल झाले आणि कुठले इशाऱ्याचे दिवे पेटले आहेत ते दोन्ही दिसेल. तुमची गाडी घेणारा बहुधा गेल्याच महिन्यात विमानातून उतरलेला असतो.

थेट बाजूने काढलेला फोटो कंटाळवाणा होतो, असं सल्ले सांगतात. लँग्डन क्ले या फोटोग्राफरने १९७४ ते १९७६ या काळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री उभ्या असलेल्या गाड्यांचे फोटो काढले. लायका कॅमेरा, कोडाक्रोम फिल्म, तिवई, लांब एक्स्पोजर, आणि बहुतेक वेळा गाडी थेट बाजूने. दिवे रस्त्याचे, बारचे, दुकानांचे. गाड्यांना पोचे आहेत, एखाद्या दाराचा रंग उरलेल्या गाडीशी जुळत नाही. माणूस जवळजवळ कुठेच नाही, तरी प्रत्येक गाडी कोणाची असेल याचा अंदाज आपण बांधू लागतो. एकही फोटो गाडीला मोठं करत नाही. ती आहे तेवढीच राहते, आणि नजर तिच्यावरून हलत नाही. कोपऱ्यातून काढण्याचा नियम एवढ्या ठामपणे सांगणाऱ्यांनी हे फोटो पाहिलेले नसावेत.

आता माणसांबद्दल. जेम्स व्हॅन डर झी याचा हार्लेममध्ये फोटो स्टुडिओ होता. त्याने १९३२ साली काढलेला एक फोटो तुम्ही बहुधा पाहिला असेल: पश्चिम १२७व्या रस्त्यावर एक चकचकीत कॅडिलॅक, तिचं दार उघडं, आत बसलेला पुरुष, बाहेर उभी असलेली स्त्री, आणि दोघांच्याही अंगावर रॅकूनच्या फरचे भरघोस कोट. मागे घरांची रांग. साल लक्षात घ्या, मंदीची वर्षं होती. अमेरिकेने त्या काळात काळ्या माणसांचे जे फोटो काढले त्यांत अशी ऐट फारशी सापडणार नाही. इथे गाडी हा विषय आहेच, पण ती एकटी नाही. दार उघडं आहे, म्हणजे गाडी कोणाची तरी आहे, तिच्यात बसता येतं, तिच्यातून उतरता येतं. जाहिरातीतल्या गाडीचं दार बंद असतं आणि काचा काळ्या असतात, कारण तिथली जागा गिऱ्हाइकासाठी रिकामी ठेवायची असते.

हे वाचून आपला तो फोटो आठवला का? अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नवी किंवा जुनीच गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार (झेंडू मिळाला नाही म्हणून दुकानातल्या कार्नेशनचा), चाकाखाली लिंबू, हातात नारळ, आणि तो फोडायचा कुठे या विवंचनेत सगळे, कारण खाली अपार्टमेंटवाल्यांचं काँक्रीट. फोटो उभा, अर्ध्या गाडीचा. मागे कचऱ्याचा मोठा डबा. कोणाचे तरी डोळे मिटलेले. सल्ल्यांच्या कसोटीवर हा फोटो नापास. पण तो ज्यांच्यासाठी काढला त्यांना त्यातलं सगळं वाचता येतं. सांगलीला माझ्या आईने आमचा असा फोटो मोठा करून बघितला तेव्हा गाडीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. "कोट पातळ दिसतोय," म्हणाली. त्याच घरातल्या अल्बममध्ये बजाज चेतकवर बसलेल्या आम्हा चौघांचा फोटो आहे. मी पुढे उभी, आईच्या मांडीवर भाऊ, स्कूटरची फक्त टोपी आणि अर्धं चाक दिसतं. तरी घरात तो "स्कूटरचा फोटो" म्हणूनच ओळखला जातो.

रॉबर्ट फ्रँकचं नाव इथे घ्यावंच लागेल, कारण तोही बाहेरून आलेला. स्वित्झर्लंडचा, १९४७ मध्ये अमेरिकेत पोचला, १९५५ मध्ये गुगेनहाइमची फेलोशिप मिळाली आणि जुन्या फोर्डमधून देशभर फिरला. त्यातून झालेलं "द अमेरिकन्स" हे ८३ फोटोंचं पुस्तक आधी १९५८ मध्ये पॅरिसला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत निघालं. त्यात गाड्या जागोजागी आहेत. एका पानावर लाँग बीचमध्ये दोन ताडांच्या मधे चमकत्या आच्छादनाखाली झाकलेली गाडी. पुढच्या फोटोत ६६ नंबरच्या महामार्गालगत, अॅरिझोनात, अपघातानंतर घोंगडीखाली झाकलेलं प्रेत आणि बाजूला उभी माणसं. तो दोन्हींखाली फक्त ठिकाण लिहितो आणि पुढे जातो. गाडी जपण्यासाठी झाकलेली आणि माणूस मेला म्हणून झाकलेला. एक पान उलटण्यात त्याने या देशाबद्दल जे सांगितलं ते मला तरी पाच वर्षं इथे राहूनही कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

आणि पुस्तकातला शेवटचा फोटो त्याच्या स्वतःच्या गाडीचा आहे. टेक्सासमधला रस्ता, समोरून काढलेली गाडी, ती चौकटीत अर्धीच, एक हेडलाइट पेटलेला, आत त्याची बायको आणि मूल, थकलेले, पेंगुळलेले. गाडी कापली गेली आहे, काच धूसर आहे, चित्राचा मोठा भाग नुसता रस्ता आणि आकाश. कुठल्याच नियमात तो बसत नाही. घरचं माणूस गाडीबाहेर उतरून, थंडीत दोन पावलं मागे जाऊन जे बघेल ते त्यात आहे.

लोक म्हणतील, फ्रँकचं सोडा, आम्हाला घरी फोटो पाठवायचाय. पण त्यासाठीच तर त्याचा उपयोग. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर रघुबीर सिंग बघा. त्याच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये निघालेल्या "अ वे इंटू इंडिया" या पुस्तकात अॅम्बॅसडर आहे, पण तिचा दिमाख कुठेच नाही. काच, दार, आरसा, बॉनेटचा तुकडा यांनी चौकट कापली जाते आणि त्या कप्प्यांतून बाहेरचा भारत दिसतो. २०१४ मध्ये बंद पडलेल्या त्या गाडीत बसून शाळेच्या सहलीला किंवा लग्नाला गेलेल्यांना तो आरशातला कोपरा लगेच ओळखू येतो. ली फ्रीडलँडरने भाड्याच्या गाड्यांमधून अमेरिकेचे असेच फोटो काढले, "अमेरिका बाय कार" या नावाने ते २०१० मध्ये आले. हुशारीत तो सिंगच्या वरचढ आहे, पण सिंगच्या फोटोंत बाहेरचे लोक गाडीत डोकावतात, आणि मला ते जास्त आवडतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरी पाठवायचा फोटो काढाल तर उजेडाचे नियम सगळे पाळा, ते खरे आहेत. सूर्य मावळू द्या, मागे जा, गॉगल लेन्सपुढे धरून काच पारदर्शक करा. पण खाली बसू नका. उभे राहा, आई-बाबा गाडीजवळ येऊन जिथून बघतील त्या उंचीवरून काढा. दार उघडा, कोणालातरी आत बसवा. कचऱ्याचा डबा राहू द्या, त्यावरून घर कसलं आहे ते कळतं. नंबरप्लेट फोटो सगळ्यांना दाखवणार असाल तरच झाका. घरच्यांना तो नंबर हवा असतो, काही जण त्याच्या आकड्यांची बेरीज करतात. एक फोटो आतून काढा, समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असा. आणि डिकी उघडून एक काढाच, जवळ जाऊन, आतला दिवा लावून. उन्हाळ्यात तिकडून दोघं येणार असतील तर प्रत्येकाच्या दोन-दोन मोठ्या बॅगा आणि लोणच्याच्या बरण्यांचं खोकं त्यात मावतं की नाही, हा पहिला प्रश्न असतो.